सूची दोनमधला महाराष्ट्र

जमिनीची खरेदी-विक्री चोरून ठेवता येणार नाही, हे आपल्याकडच्या कायद्यानं फार पूर्वीच ठरवून टाकलं आहे. १९०८ च्या नोंदणी कायद्याचं सत्तावन्नावं कलम सांगतं, की स्थावर मिळकतीच्या दस्तांचं पुस्तक आणि त्याची सूची कुणीही माणूस ठरलेली फी भरून पाहू शकतो. तो मालक असला पाहिजे, वारस असला पाहिजे, अशी अट नाही. कशासाठी पाहायचं आहे हे सांगण्याचीही अट नाही. माझा सगळा धंदा या एका कलमावर उभा आहे. मी वकिलांसाठी सर्च घेतो. कुणी जमीन, वाडा, प्लॉट घ्यायला निघालं की त्या मिळकतीवर मागं काय काय लिहून दिलं-घेतलं गेलं आहे ते दुय्यम निबंधकाच्या कचेरीतली पुस्तकं उघडून शोधायचं आणि वकिलांपुढं ठेवायचं, हे माझं काम. वकील त्यावरून आपलं मत देतात, बँका कर्ज देतात, माणसं आयुष्यभराची पुंजी ओततात.

हा धंदा शिकवणारी शाळा नाही. मी तो एका वयोवृद्ध कारकुनाच्या हाताखाली शिकलो. त्यांनी मला आधी मोडी वाचायला बसवलं, मग सूची कशी उलटायची ते दाखवलं. आज संगणकावर गावाचं नाव आणि गट नंबर टाकला की नोंदी समोर येतात, त्यामुळं नवीन मुलांना वाटतं की शोध म्हणजे एवढंच. म्हणून या कामाचा आणि त्या पुस्तकांचा इतिहास लिहून ठेवावासा वाटला.

नोंदणीची कचेरी येण्याआधीही आपल्याकडं दस्त होतेच. शिवकाळात आणि पेशवाईत मिरास जमीन विकली की मिरासपत्र होई. पण कागदाला वजन येई ते गावाच्या साक्षीनं. वतनाचा, शेताचा तंटा उभा राहिला की गोतसभा बसे, मजहर लिहिला जाई आणि खाली पाटील, कुलकर्णी, बलुतेदार आपापल्या निशाण्या करत. पाटलाची निशाणी नांगर. कोणतं शेत कुणाचं, ते कधी कुणाला दिलं, हे गावाला तोंडपाठ असे आणि कुलकर्ण्याच्या दप्तरात लिहिलेलं असे. मूळ कागद मात्र धन्याच्या घरी, रुमालात बांधून माळ्यावर. पुण्यात पेशवे दप्तर आहे, त्यात मोडी कागदांचे रुमालच्या रुमाल आहेत. गोविंद सखाराम सरदेसाई यांनी १९३० ते १९३४ या काळात त्यातल्या निवडक कागदांचे ४५ खंड छापून काढले. पण ते सरकारचं दप्तर. इनाम, वतनं, वसूल, फौज यांचा हिशेब त्यात आहे. एका शेतकऱ्यानं दुसऱ्याला काय विकलं हे तिसऱ्याला बघता यावं, यासाठी ते कधीच ठेवलेलं नव्हतं.

इंग्रजी अमलात मुंबई इलाख्यासाठी १८२७ मध्ये एल्फिन्स्टनच्या नावानं ओळखली जाणारी कायद्यांची संहिता आली, तिच्यात दस्तनोंदणीचं एक रेग्युलेशन होतं. १८४३ च्या कायद्यानं नोंदलेल्या दस्ताला न नोंदलेल्यापेक्षा वरचं स्थान दिलं. तरी नोंदवायचं की नाही, हे माणसाच्या मर्जीवरच होतं. १८६४ साली सबंध ब्रिटिश हिंदुस्थानासाठी कायदा झाला आणि शंभर रुपयांवरच्या स्थावराच्या दस्तांना नोंदणी सक्तीची झाली. पुढं १८६६, १८७१, १८७७ असे तीन कायदे एकामागून एक आले, आणि शेवटी १९०८ चा सोळावा कायदा, जो १ जानेवारी १९०९ पासून लागू झाला आणि आजही चालू आहे. शंभर रुपयांची रेघसुद्धा तीच आहे. १८६४ मध्ये शंभर रुपयांत चांगली जिरायत जमीन येई, गरिबांचे लहान व्यवहार या रेघेच्या खालीच राहत. आज तिच्याखाली काहीच उरलेलं नाही.

कागदपत्रांच्या कायद्यांचा पहिला मोठा चटका बसला तो दख्खनच्या कुणब्याला. १८५९ च्या मुदतीच्या कायद्यानं साध्या कर्जरोख्याला तीन वर्षांची आणि नोंदलेल्याला सहा वर्षांची मुदत ठरवली. हेतू कुळाच्या भल्याचा होता. झालं उलटं. मुदत संपत आली की सावकार कुळाला पुन्हा कागदावर अंगठा करायला लावी, व्याज मुद्दलात धरलं जाई आणि नवा रोखा जुन्यापेक्षा फुगलेला असे. कापसाचे भाव पडल्यावर हे ओझं असह्य झालं. १२ मे १८७५ रोजी भीमथडी तालुक्यातल्या सुपे गावी बाजाराच्या दिवशी दंगा उसळला आणि पुणे-नगर जिल्ह्यांतल्या गावागावांत पसरला. त्या दंग्यांत माणसांना इजा क्वचितच झाली. लोक सावकाराच्या घरी जाऊन रोखे, गहाणखतं, हुकूमनामे मागत आणि मिळाले की चौकात जाळत. कागद जळला की कर्ज जळलं, असा त्यांचा हिशेब होता. नोंदलेल्या दस्ताची नक्कल सरकारी पुस्तकात असते, ती गावच्या चौकात जळत नाही.

त्यातून १८७९ चा दख्खनच्या शेतकऱ्यांना दिलासा देणारा कायदा आला. पुणे, सातारा, अहमदनगर आणि सोलापूर हे जिल्हे त्यात आधी घेतले. त्यातली एक तरतूद मला फार मोलाची वाटते. शेतकऱ्यानं लिहून द्यायचा दस्त ग्रामनोंदणी अधिकाऱ्यासमोर, त्याच्या देखरेखीखाली लिहायचा. दोन्ही पक्षांना विचारून अटी काढायच्या, लिहिलेलं मोठ्यानं वाचून दाखवायचं, मग सही किंवा अंगठा. पैसे खरोखर हातात पडले का, हेही तिथंच पाहायचं. अक्षरओळख नसलेल्या माणसाला आपण कशावर अंगठा करतो आहोत हे कळलं पाहिजे, हा विचार त्यामागं होता. आज दस्त नोंदवताना लिहून देणाऱ्याला मजकूर मान्य आहे का, असं विचारतात आणि तो मान डोलावतो. आमच्या कचेऱ्यांतल्या गर्दीत तो कबुलीजबाब मिनिटभरात उरकतो. दीडशे वर्षांपूर्वी वाचून दाखवायला लावणारा कायदा होता, हे त्या वेळी मला हटकून आठवतं.

आता प्रत्यक्ष पुस्तकांकडं येतो. नोंदणीची पुस्तकं पाच. पुस्तक १ स्थावर मिळकतीच्या दस्तांचं: खरेदीखत, गहाणखत, बक्षीसपत्र, वाटणीपत्र, हक्कसोडपत्र, भाडेपट्टा. पुस्तक २ मध्ये नोंदणी नाकारली तर त्याची कारणं. पुस्तक ३ मृत्युपत्रांचं आणि दत्तकाच्या अधिकारपत्रांचं. पुस्तक ४ किरकोळ, म्हणजे स्थावराशी संबंध नसलेल्या दस्तांचं. पुस्तक ५ मोहोरबंद लखोट्यात ठेवायला दिलेल्या मृत्युपत्रांचं, ते फक्त जिल्हा निबंधकाच्या कचेरीत असतं. पहिली दोन सगळ्यांना खुली. मृत्युपत्राची नक्कल मात्र लिहिणारा जिवंत असेपर्यंत त्याच्याशिवाय किंवा त्याच्या मुखत्याराशिवाय कुणाला मिळत नाही. माणूस जिवंत असताना त्याच्या मनात काय आहे ते झाकलेलं राहावं आणि जमिनीचं मात्र सगळं उघड असावं, अशी ही वाटणी आहे. मला ती शहाणपणाची वाटते.

सूची चार. सूची १ माणसांच्या नावांची, सूची २ मिळकतीची, सूची ३ मृत्युपत्रांची, सूची ४ किरकोळ दस्तांची. आमचा सगळा जीव सूची दोनमध्ये. नावावरून शोधायला गेलं तर जुन्या दस्तांत आडनाव नसतं. ‘रामा बिन सखाराम’, ‘हसन वलद इमाम’, ‘सखू कोम रामा’ असं लिहिलेलं. एका गावात चार रामा आणि त्यांतल्या दोघांचे बाप सखाराम. जमीन मात्र जागची हलत नाही. गाव आणि नंबर धरला की ती सापडते.

अर्थात नंबरही एक नसतो. मुलकी मोजणीनं दिलेला सर्व्हे नंबर, त्याचे पुढं पडलेले पोटहिस्से, १९४७ च्या तुकडेबंदी-तुकडेजोड कायद्याखाली एकत्रीकरण झाल्यावरचा गट नंबर, गाव शहरात आलं की सिटी सर्व्हे नंबर, आणि नगररचना योजना लागू झाली असेल तर अंतिम भूखंड क्रमांक. एकाच जमिनीनं शंभर वर्षांत ही सगळी नावं घेतलेली असतात. जुना नंबर नव्याशी जुळवायला फाळणीबारा, आकारफोड, कमी-जास्त पत्रक, एकत्रीकरणाचा उतारा अशी कागदपत्रं भूमिअभिलेखातून काढावी लागतात. गावांचंही तेच. पुण्यातल्या शिवाजीनगरातली मिळकत असेल तर जुनी सूची भांबुर्डे म्हणून उघडावी लागते. कर्वेनगरासाठी हिंगणे बुद्रुक बघावं लागतं. हे ज्याला ठाऊक नाही त्याला सूची कोरी दिसते, आणि कोरी सूची म्हणजे निर्वेध मिळकत असं तो लिहून मोकळा होतो.

दस्त पुस्तकात शिरतो कसा, हेही सांगायला हवं. कागद लिहून, मुद्रांक भरून, चार महिन्यांच्या आत तो कचेरीत हजर करायचा. लिहून देणाऱ्यानं कबुली द्यायची, ओळखदारांनी त्याला ओळखायचं, अंगठे उठवायचे. खाडाखोड असेल, कोरी जागा असेल तर तिथं लिहून देणाऱ्याची सही हवी, नाहीतर अधिकारी दस्त परत करू शकतो. पूर्वी त्यानंतर नक्कलकारकून सबंध दस्त जाड पुस्तकात हातानं उतरवून घेई, दुसरा माणूस तो अस्सलाशी ताडून पाही आणि खाली ‘नक्कल करणार’, ‘रुजुवात घेणार’ अशा सह्या होत. त्या पुस्तकांतलं अक्षर बघण्यासारखं आहे. बोरूनं लिहिलेलं मोडी, सलग, शब्दांत मोकळी जागा नाही, पण ओळ कुठं वाकडी नाही. पुढं कित्येक कचेऱ्यांचे दस्त छायाचित्रं काढण्यासाठी पुण्याच्या सरकारी फोटो रजिस्ट्रीत जाऊ लागले. त्यात मजकूर चुकण्याची भीती गेली, पण अस्सल दस्त हातात परत यायला वर्षानुवर्षं लागत. घर घेऊन मुलं शाळेत गेली तरी खरेदीखत आलेलं नाही, असं सांगणारी माणसं मी पुष्कळ पाहिली आहेत.

या नकलेचं मोल पुण्याला १२ जुलै १९६१ रोजी कळलं. पानशेतचं धरण फुटलं आणि नदीकाठच्या पेठांमधले वाडे पाण्याखाली गेले. माणसांबरोबर, भांड्यांबरोबर कागदही गेले. त्यानंतर कित्येक वर्षं वाड्यांची माणसं ‘आमचं खरेदीखत पानशेतात गेलं’ असं सांगत येत. अशा घराचा हक्क कागदाबरोबर वाहून जात नाही. पुस्तकातली प्रमाणित नक्कल मूळ दस्तातला मजकूर शाबीत करायला कोर्टात चालते, असं कायदाच म्हणतो. माळ्यावरचा रुमाल आणि कचेरीतलं पुस्तक यांत फरक तो हा.

सर्च किती वर्षांचा घ्यायचा, असं सगळे विचारतात. तीस, हे उत्तर ठरलेलं आहे. त्याचं मूळ गहाणात आहे. गहाण ठेवलेली जमीन सोडवून मागायला १९६३ च्या मुदतीच्या कायद्यानं तीस वर्षं दिली. त्याआधीच्या १९०८ च्या मुदत कायद्यात ती साठ होती. म्हणजे साठ वर्षांपूर्वीचं गहाणही जिवंत असू शकत होतं, आणि माझ्या गुरूंच्या पिढीला तेवढं मागं जावंच लागे. आता तीस वर्षांवर काम भागतं असं म्हणतात. मी मात्र जमेल तिथं मागं जातो, आणि का जातो ते एका प्रकरणावरून सांगतो.

नदीपलीकडच्या एका गावातलं माळरान होतं. विकणाऱ्यांच्या हातात १९२६ चं चारशे रुपयांचं खरेदीखत होतं, सात-बारावर त्यांच्याच घराण्याचं नाव होतं, तीस वर्षांत काहीही बोजा नव्हता. घेणारा इसार द्यायला तयार बसला होता. मी १९२६ ची सूची काढली. मोडीतली नोंद: गाव, सर्व्हे नंबर, एकर-गुंठे, आकार, लिहून देणार, लिहून घेणार, रक्कम, दस्ताचा अनुक्रमांक. त्याच तारखेला, लगेच पुढच्या क्रमांकाला त्याच नंबरावर दुसरी नोंद होती, आणि तिच्यात देणारा-घेणारा उलटे झालेले होते. जमीन घेणाऱ्या सावकारानं विकणाऱ्याला करार लिहून दिला होता, की दहा वर्षांत रक्कम परत केलीस तर जमीन तुझी तुला. खरेदीचा दस्त वेगळा आणि परतीचा करार वेगळा, अशी ही त्या काळातली मुदत खरेदी. गहाणच, पण दोन कागदांत विभागलेलं. मालमत्ता हस्तांतरण कायद्याच्या १९२९ च्या दुरुस्तीनं अट त्याच दस्तात असेल तरच त्याला गहाण मानायचं असं ठरवलं. तोवर सावकारांची ही नेहमीची रीत होती. असा करार दिसला की मुदत संपेपर्यंतची सगळी वर्षं वाचावी लागतात. १९३४ च्या सूचीत मला हवी होती ती नोंद मिळाली. सावकारानं चारशे रुपये घेऊन जमीन परत लिहून दिली होती. मूळ कुणब्यानं शब्द पाळला होता, पैसे फेडले होते, दस्त नोंदवला होता. फेरफार मात्र झालाच नाही. माळ पडीक, कुणी कसत नव्हतं, त्यामुळं वाद उठण्याचं कारण पडलं नाही आणि गावच्या दप्तरात सावकाराचं नाव पिढ्यान्‌पिढ्या तसंच राहिलं. व्यवहार थांबला. त्या कुणब्याच्या नातवंडांना पुस्तकातली नक्कल मिळाली. आपल्या आजोबांनी जमीन सोडवली होती हे त्यांच्या घरात कुणालाच माहीत नव्हतं.

या प्रकरणात सात-बारा खोटा नव्हता, अपुरा होता. सात-बारा आणि फेरफार ही महसुलाची कागदपत्रं. हक्कनोंदणीची सुरुवात मुंबई इलाख्यात १९०३ च्या कायद्यानं झाली. दस्तनोंदणी हे दुसरं खातं, दुसरी कचेरी. दोन्हींची जुळणी वर्षानुवर्षं तलाठ्याच्या आणि खातेदाराच्या तत्परतेवर अवलंबून राहिली.

आणि नोंदणीचीही मर्यादा आहे, ती लपवून चालणार नाही. दुय्यम निबंधक दस्त नोंदवतो, मालकी नोंदवत नाही. विकणारा खरा मालक आहे का, हे तपासायला कायद्यानं त्याला बसवलेलंच नाही. म्हणून नोंदणीचा शिक्का म्हणजे मालकीची हमी नव्हे. शिवाय पुष्कळ गोष्टी सूचीत कधी येतच नाहीत. वारसानं आलेली जमीन, तोंडी वाटणी, १ एप्रिल १९५७ च्या कृषकदिनी कुळाकडं गेलेली मालकी, इनाम खालसा होऊन बदललेला धारणाप्रकार. मुंबईसारख्या शहरात मूळ दस्त बँकेत ठेवून घेतलेलं कर्ज पूर्वी कुठंच नोंदलं जात नसे. चार महिन्यांच्या मुदतीचाही फास आहे. दस्त नोंदल्याच्या दिवसापासून नव्हे, लिहून दिल्याच्या दिवसापासून लागू होतो. जानेवारीत लिहिलेला दस्त मे महिन्यात नोंदवला तरी तो मार्चमध्ये लिहून मार्चमध्येच नोंदलेल्या दस्ताच्या वर बसतो. म्हणून शोध निर्मळ निघाला तरी पुढचे चार महिने डोळे उघडे ठेवावे लागतात. मूळ कायद्यात आणखी एक पळवाट होती. प्रेसिडेन्सी शहर ज्या जिल्ह्यात आहे तिथल्या जिल्हा निबंधकाला देशातल्या कुठल्याही मिळकतीचा दस्त नोंदवता येई. तो दस्त त्या त्या जिल्ह्याला कळवायचा असे, पण कळवणं आणि ते तिथल्या पुस्तकात वेळेवर लावलं जाणं यांत अंतर पडे. ही तरतूद २००१ साली गेली, ते फार बरं झालं.

एवढं असूनही सूची वाचणं टाळता येत नाही, कारण १९२९ च्याच दुरुस्तीनं नोंदलेल्या दस्ताची माहिती सगळ्यांना आहे असं धरायचं ठरवलं. तुम्ही पुस्तक उघडलं नाही, ही सबब कोर्टात चालत नाही. न वाचलेलंही तुम्हाला माहीत होतं असं कायदा मानतो. तर मग ते वाचावंच.

अलीकडं सूचीला आणखी एक अर्थ आला आहे. वडिलोपार्जित मिळकतीत मुलींना मुलांच्या बरोबरीनं हक्क देणारी दुरुस्ती महाराष्ट्रात १९९४ साली झाली आणि देशभर २००५ साली. देशाच्या कायद्यानं सांगितलं, की २० डिसेंबर २००४ पूर्वी नोंदलेल्या दस्तानं किंवा कोर्टाच्या हुकूमनाम्यानं झालेली वाटणी असेल तर तिला धक्का लागणार नाही. तेव्हापासून बहिणी स्वतः कचेरीत येऊन सूची काढू लागल्या. वाटणीपत्र खरोखर नोंदलं होतं का, कधी नोंदलं, हक्कसोडपत्रावर आपला अंगठा आहे का, हे त्या बघतात. माझ्या उमेदवारीच्या काळात या टेबलाशी बाईमाणूस क्वचित दिसे. आज ती बाई स्वतः पान उलटते, हा या पुस्तकांचा सगळ्यात चांगला उपयोग मी पाहिला आहे.

अब्दुल करीम तेलगी २००१ साली पकडला गेला आणि बनावट मुद्रांकांचं जाळं बाहेर आलं. त्यानंतर मोठ्या रकमेचे मुद्रांक कागद गेले, फ्रँकिंग आलं, मग ऑनलाइन भरणा. त्याच सुमारास, २००२ च्या आसपास, राज्यातल्या कचेऱ्यांत ‘सरिता’ ही संगणकप्रणाली बसली. दस्ताच्या प्रत्येक पानावर ‘हवल’, ‘टनन’, ‘बदर’ असं कचेरीचं लघुनाव, दस्त क्रमांक आणि वर्ष छापलेलं दिसू लागलं. मधलं पान बदलण्याची जुनी लबाडी त्यामुळं बरीच अवघड झाली. दस्त त्याच दिवशी स्कॅन होऊन हातात मिळू लागला, छापील सूची दोन लगेच मिळू लागली. फोटोसाठी वर्षानुवर्षं थांबलेल्या लोकांना याचं मोल विचारा. आज घरबसल्या ई-सर्च करता येतो. मी त्याचं मनापासून स्वागत केलं, अजूनही करतो.

पण मुंबई सोडली तर त्या ई-सर्चचा पल्ला संगणक आल्याच्या वर्षापर्यंतच आहे. त्याच्या मागची सगळी वर्षं अजून कपाटातच आहेत. आमच्या अहवालांत एक ओळ नेहमी असते, की अमुक वर्षांच्या सूचीची पानं फाटलेली आहेत, अमुक वर्षांची सूची तयार नाही, त्या मर्यादेत हा शोध घेतला आहे. ती वाचून बँका पुढं जातात, घेणारेही जातात. मला ती ओळ लिहिताना दर वेळी वाईट वाटतं. १८६४ पासून दीडशेहून अधिक वर्षं या राज्यातल्या माणसानं काय विकलं, काय गहाण ठेवलं, काय सोडवलं, बायकोच्या नावे काय केलं, भावाला काय दिलं, याची इतकी सलग आणि सगळ्यांना खुली असलेली दुसरी नोंद आपल्याकडं नाही. इतिहासाचे अभ्यासक पेशवे दप्तरात जातात, ते योग्यच आहे. पण कुणब्याचा, साळ्याचा, विधवेचा व्यवहार हवा असेल तर तो तालुक्याच्या कचेरीतल्या पुस्तक १ मध्ये आहे, मोडीत आहे, आणि ते मोडी वाचणारे हात दर वर्षी कमी होत आहेत.

म्हणून दोन मागण्या आहेत. सरकारकडं ही, की जुन्या पुस्तकांचं नुसतं स्कॅनिंग करून थांबू नये. मोडी जाणणारी माणसं नेमून सूची दोनची गाववार, नंबरवार नोंद बालबोधात तयार करावी, आणि जुन्या-नव्या नंबरांचा मेळ तिच्याशी जोडावा. स्कॅन केलेलं मोडी पान वाचता येत नसेल तर ते कपाटातल्या पानाइतकंच मुकं आहे. दुसरी मागणी वाचकाकडं. सात-बारा पाहून, विकणाऱ्याच्या शब्दावर, ओळखीच्या एजंटाच्या भरवशावर पैसे देऊ नका. इसार देण्याआधी शोध घ्या, सूचीत दिसेल त्या प्रत्येक दस्ताची नक्कल काढून स्वतः वाचा, आणि नोंद मोडीत असेल तर ती वाचणाऱ्याकडून वाचून घ्या.